शाळेच्या ग्रंथालयाचं आता करायचं काय? (अर्धवेळ ग्रंथपालाचा प्रश्न)

अर्धवेळ_ग्रंथपाल

नमस्कार मंडळी. कानबाईच्या सणाचे रोट अजून डब्यात आहेत, म्हणजे खरं तर मन प्रसन्न असायला हवं. पण शुक्रवारी शाळेत एक गोष्ट झाली आणि तेव्हापासून डोक्यात तेच घोळतंय.

अमळनेर-पारोळा पट्ट्यातल्या एका अनुदानित शाळेत मी अर्धवेळ ग्रंथपाल आहे. पटसंख्या सातशेच्या आसपास. ज्यांना हा प्रकार माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो: पट हजाराच्या वर असेल तर पूर्णवेळ ग्रंथपाल, पाचशे ते हजार असेल तर अर्धवेळ, त्याखाली कुणीच नाही. अर्धवेळचा पगार अर्धा असतो, काम मात्र पाऊणपट शाळेचं. कोणी शिक्षक रजेवर गेले की ऑफ तास माझा, ऑनलाइन माहिती भरायची असली की संगणक माझा.

तर शाळेला एक मोठा डिजिटल पॅनल, म्हणजे फळ्यासारखा स्क्रीन, मिळतोय. त्याला खोली हवी. लाइट, फरशी, दोन पंखे आणि 'रिकामी' अशी एकच खोली सापडली: ग्रंथालय. कपाटं जिन्याखाली सरकवायची असं ठरत आलंय. आमचे मुख्याध्यापक भला माणूस. म्हणाले, "सर, एक पान लिहून द्या. ग्रंथालय त्याच खोलीत का राहावं, ते. मी कमिटीपुढे ठेवतो."

तीन दिवस झाले, पान कोरंच आहे. कारण खरं लिहायचं तर काय लिहू? दाखल नोंदवहीत सहा हजारांवर पुस्तकं. जूनमध्ये पुस्तकपेढीची पाठ्यपुस्तकं वाटतो. १५ ऑक्टोबरला वाचन प्रेरणा दिन. २०१५ पासून न चुकता टेबलावर पुस्तकं मांडतो, फोटो काढतो, परत कुलूप. मधल्या काळात पोरं यायची ती "सर, प्रोजेक्टसाठी पंधरा ओळी द्या" म्हणायला. यंदा तेही बंद झालं. मोबाईलवरून प्रिंट काढून आणतात.

'वाचाल तर वाचाल' छापाची वाक्यं कृपया नकोत, ती भिंतीवर रंगवलेली आहेत. तुमच्या शाळेच्या ग्रंथालयात प्रत्यक्षात काय चालतं, एवढंच सांगा.

भरीत_पार्टी

वाचतोय. (शाळेत असताना नाही वाचलं, आता वाचतोय.)

वायरमन_जळगाव

भाऊ, राग मानू नका, पण पॅनल येऊ द्या की. मी शाळांमध्ये असे पॅनल बसवायला जातो म्हणून सांगतो. 'किशोर' मासिक १९७१ पासून निघतंय, त्याचे जुने अंक बालभारतीने ऑनलाइन फुकट ठेवलेत. विश्वकोश ऑनलाइन आहे. स्टोरीवीवर या साइटवर मराठी गोष्टी फुकट. पाठ्यपुस्तकावरचा क्यूआर कोड मारला की दीक्षा ॲपवर धडा दिसतो. तुमच्या कपाटात याच्या निम्मं तरी आहे का? आणि जे आहे ते कुलपात. उधई (वाळवी) खाऊ राहिली, पोरं नाही.

कुलूपबंद कपाटापेक्षा चालू पॅनल बरा, असं माझं साधं गणित आहे.

अर्धवेळ_ग्रंथपाल

वायरमनभाऊ, राग कशाचा? कुलपाचं तुम्ही बरोबर बोललात, म्हणूनच तर पान कोरं आहे.

फक्त एक. पॅनलचं बटण मास्तरच्या हातात असतं. चाळीस पोरं एकाच वेळी एकच पान बघतात. पुस्तकांच्या खोलीत चाळीस पोरं चाळीस वेगळी पानं उघडू शकतात. उघडतात असं म्हणत नाही, उघडू शकतात. आणि घरच्या मोबाईलचं म्हणाल तर आमच्याकडे तो सकाळी बापाबरोबर शेतात जातो, संध्याकाळी परत येतो तेव्हा चार्जिंग दहा टक्के आणि भावंडं तीन.

केळीबाग

रावेर तालुक्यातून लिहितेय. माझी मुलगी सहावीत आहे. शाळेत ग्रंथालय आहे, असं मला तिच्या ॲडमिशनच्या माहितीपत्रकावरून कळलं. तिला विचारलं तर म्हणाली, "मम्मी, ते खोलीतलं कपाट का? त्याला काच आहे, बाहेरून नावं वाचता येतात." एकदा वर्गात पुस्तकं वाटली होती. तासाभरात परत घेतली. घरी न्यायची नाहीत, फाटली तर पैसे भरावे लागतील.

दुसरी बाजूही लिहिते, नाहीतर म्हणाल आई फक्त तक्रार करते. गेल्या वर्षी पाचवीच्या स्कॉलरशिपला तिने गोष्टीचं पुस्तक हातात घेतलं की मीच ओरडायचे. तेव्हा ग्रंथालय उघडं असतं तरी मी तिला जाऊ दिलं असतं का, हा प्रश्न मला स्वतःलाच पडलाय.

निवृत्त_हेडसर

धागाकर्त्याचं कुलूप हा चेष्टेचा विषय झालाय, म्हणून लिहितो. ते कुलूप मी लावलेलं आहे. म्हणजे त्यांच्या शाळेत नव्हे, पण माझ्या तीन शाळांत मीच लावलं होतं, आणि का लावलं ते सांगतो.

पुस्तक दाखल नोंदवहीत चढलं की ती शाळेची मालमत्ता होते. बाक, घंटा, प्रयोगशाळेतली काचपात्रं, तसंच पुस्तक. तपासणीला माणूस येतो तेव्हा तो 'किती वाचली' विचारत नाही, 'किती आहेत' विचारतो. युडायसच्या, म्हणजे शाळांच्या सरकारी माहितीच्या, फॉर्ममध्येही ग्रंथालय आहे का आणि पुस्तकं किती, असे रकाने. मी नवीन मुख्याध्यापक असताना सदतीस पुस्तकं कमी भरली. ज्या शिक्षकाकडे चार्ज होता त्यांच्याकडून किंमत वसूल झाली. वर्गावर जाऊन अत्यंत जीव लावून पुस्तकं वाटणारा माणूस होता तो. पुढच्या जूनमध्ये त्याने चार्ज घ्यायला नकार दिला. ज्याने घेतला त्याने पहिलं काम केलं ते नवीन कुलूप आणण्याचं. पुढची अकरा वर्षं एकही पुस्तक गहाळ झालं नाही. शेरा उत्तम मिळाला.

हे आजचं नाही. माध्यमिक शिक्षणासाठी मुदलियार आयोग नेमला होता, १९५२-५३ चा. त्यांनी तेव्हाच लिहून ठेवलंय की बहुतेक शाळांत नाव घेण्यासारखं ग्रंथालयच नाही. पुस्तकं जुनी, मुलांची आवड न बघता घेतलेली, अपुऱ्या आणि कळाहीन खोलीत ठेवलेली, आणि ती सांभाळणारा बहुधा कारकून किंवा मन नसलेला अर्धवेळ शिक्षक. सत्तर वर्षं झाली. मी तो अहवाल बी.एड.ला असताना परीक्षेपुरता पाठ केला होता. खुर्चीवर बसल्यावर कळलं की तो माझ्याबद्दलच होता.

भरीत_पार्टी

हेडसर, दंडवत. चूक कबूल करणारा हेडमास्तर पहिल्यांदा पाहिला.

कार्डकॅटलॉग

मी मूळची चाळीसगावची, आता पुण्यात एका कॉलेजच्या ग्रंथालयात आहे. हेडसरांनी दुखऱ्या जागेवर बोट ठेवलं. त्यावर एक उपयोगी गोष्ट सांगते, धागाकर्त्याच्या पानात घालता येईल.

केंद्र सरकारची सामान्य वित्तीय नियमावली आहे, २०१७ ची. तिच्या २१५ व्या नियमात ग्रंथालयाबद्दल स्पष्ट लिहिलंय: वर्षभरात देवघेव झालेल्या किंवा वाचायला काढलेल्या दर हजार ग्रंथांमागे पाच ग्रंथ गहाळ होणं वाजवी धरावं, त्यात लबाडी किंवा हलगर्जीपणा नसेल तर. हजार रुपयांपेक्षा महाग किंवा दुर्मीळ ग्रंथ असेल तर मात्र चौकशी. हा नियम केंद्राच्या कार्यालयांचा आहे, तुमच्या अनुदानित शाळेवर थेट बंधनकारक नाही. पण कमिटीपुढे ठेवायला चांगला, कारण त्यात एक गोम आहे. सूट पुस्तकांच्या साठ्यावर नाही, वापरावर आहे. ज्या ग्रंथालयात वर्षाला दोनशेच पुस्तकं बाहेर जातात तिथे एकच हरवायला परवानगी आहे. दहा हजार वेळा गेली तर पन्नास हरवली तरी चालतात.

ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथन यांनी १९३१ मध्ये ग्रंथालयाचे पाच नियम मांडले, त्यातला पहिलाच 'ग्रंथ उपयोगासाठी आहेत'. त्यांच्या जन्मदिवशी, १२ ऑगस्टला, आपण सगळे ग्रंथपाल दिनाचे स्टेटस ठेवतो. पुढच्याच आठवड्यात आहे. स्टेटस ठेवण्याआधी कपाटाला कुलूप आहे का तेवढं बघा, असं मी आमच्या ग्रुपवर लिहिलं होतं. दोघं ग्रुप सोडून गेले.

वायरमन_जळगाव

पाच-पन्नास हरवू द्या असं सरकारच म्हणू राहिलं? हे माहीत नव्हतं.

तरी माझा मुद्दा तिथेच आहे. प्रोजेक्ट, माहिती, शोध हे सगळं आता मोबाईलवर होतं. गोष्टीच्या पुस्तकांसाठी अख्खी खोली कशाला?

मराठीच्या_बाई

वायरमनभाऊ, 'माहिती मोबाईलवर मिळते' यावर मला लिहायचंच होतं. चोपडा तालुक्यात नववीला मराठी शिकवते.

मागच्या वर्षी 'आपल्या परिसरातील साहित्यिक' असा प्रकल्प दिला. अकरा मुलांनी बहिणाबाई चौधरी निवडल्या, साहजिक आहे. त्यातल्या सहा जणांचं पहिलं पान शब्दन् शब्द सारखं. एआयला विचारून काढलेलं, मथळा रंगीत. त्यात एक वाक्य: 'शालेय जीवनापासूनच त्यांना काव्यलेखनाची आवड होती.'

आता खानदेशातल्या मास्तरणीने हे वाचून काय करावं? आधी चिडले. मग वाटलं, लाल रेघ मारून दिली तर दुरुस्त करतील आणि विसरतील. म्हणून चूक सांगितलीच नाही. अकराही जणांना दोन तास ग्रंथालयात नेलं, बहिणाबाईंच्या गाण्यांच्या आमच्याकडे होत्या त्या चार प्रती, विश्वकोशातल्या नोंदीची प्रिंट आणि जिल्ह्याच्या माहितीची दोन पुस्तकं टेबलावर ठेवली. म्हटलं, तुमच्या पानावरचं प्रत्येक वाक्य यातल्या कशात तरी सापडतंय का बघा. सापडलं की पेन्सिलने पान नंबर लिहा, नाही सापडलं की प्रश्नचिन्ह.

पहिला अर्धा तास नुसता गोंगाट. पुस्तकाची प्रस्तावना वाचायची असते हेच कुणाला माहीत नव्हतं. अनुक्रमणिका आणि सूची यातला फरक सांगावा लागला. नववीत! मग एका मुलीने वर बघून म्हटलं, "बाई, यांना तर लिहिता-वाचताच येत नव्हतं. मुलाने उतरवून घेतलं." सोपानदेवांचं नाव निघालं, अत्र्यांची प्रस्तावना निघाली. मग एकाने सनावळी जुळवली: पुस्तक निघालं १९५२ ला, आणि त्या गेल्या ३ डिसेंबर १९५१ ला. आणि तो म्हणाला, "म्हणजे त्यांना त्यांचं पुस्तक बघायलाच नाही मिळालं?"

वर्ग गप्प झाला. हा प्रश्न माझ्या प्रश्नपत्रिकेत नव्हता, गाइडमध्ये नव्हता आणि त्या रंगीत पानावर तर नव्हताच.

ग्रंथालयाचं काम बदललंय, ते एवढ्याच अर्थाने. पूर्वी पोरांना माहिती मिळायची नाही, म्हणून कपाटाकडे यायची. आता माहितीचा पूर आलाय आणि त्यातलं पिण्याजोगं कोणतं, ते गाळून बघायला जागा लागते. ती जागा वर्गात होत नाही, कारण वर्गात मला धडा संपवायचा असतो. त्या दोन तासांपायी माझा एक धडा मागे पडला आणि पर्यवेक्षकांचं बोलणं खाल्लं, तेही लिहून ठेवते.

केळीबाग

बाई, माझ्या अंगावर काटा आला. बहिणाबाईंच्या माहेरी, आसोद्याला, आमचं जाणं-येणं आहे, पण हा हिशेब मीही कधी केला नव्हता.

भरती_बॅच

धुळ्याहून. मी थोडं वेगळं सांगतो. आम्ही पोलीस भरती आणि एमपीएससीची पोरं. आमच्या गावात शाळेच्या ग्रंथालयाची संध्याकाळी अभ्यासिका केलीय. ट्यूबलाइट, खुर्च्या, कूलर. सहा ते दहा फुल्ल. पण कपाटातलं पुस्तक कुणी काढत नाही, आपापल्या नोट्स आणि मोबाईल. ग्रंथालय म्हणायचं की नाही ते तुम्ही ठरवा, पण ती खोली नसती तर मी अभ्यास कुठे केला असता? घर दोन खोल्यांचं, टीव्ही सुरू, आजोबांना खोकला.

कार्डकॅटलॉग

भरती_बॅच, तुमच्यासारख्यांचा विचार धोरणातही आहे. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात म्हटलंय की विशेषतः खेड्यांतली शालेय ग्रंथालयं शाळेच्या वेळेनंतर गावालाही उपयोगी पडावीत. माझी भीती एकच. अभ्यासिका आली की पहिल्या वर्षी लहान मुलांची चटई जाते, कारण लहान मुलं आवाज करतात. दुसऱ्या वर्षी गोष्टींचं कपाट जातं, कारण खुर्च्या कमी पडतात. दोन्ही हवं असेल तर वेळ वाटून घ्यावी लागेल, आणि ती कागदावर लिहून दाराला चिकटवावी लागेल.

अर्धवेळ_ग्रंथपाल

सगळं वाचतोय, टिपून घेतोय. मराठीच्या बाई, तुमचा प्रयोग मी उद्याच चोरणार आहे.

सातपुडा_पायवाट

उशिरा आलो, रेंज नव्हती. मी धडगाव भागातल्या एका निवासी शाळेत प्राथमिकला शिकवतो. तुमच्या सगळ्यांच्या चर्चेत एक गोष्ट गृहीत धरलेली आहे, ती म्हणजे मुलाला पुस्तकाची भाषा कळते.

आमच्याकडे पहिलीत येणारं पोर घरी पावरी नाहीतर भिली बोलतं. त्याला मराठी ही शाळेत भेटते, हिंदी बाजारात भेटते. आरटीई (शिक्षण हक्क) कायद्याच्या परिशिष्टात लिहिलंय तसं प्रत्येक शाळेत ग्रंथालय, वर्तमानपत्र, मासिकं, गोष्टीची पुस्तकं, सगळं आमच्याकडे कागदोपत्री आहे. पेटीभर रंगीत पुस्तकं आलेली आहेत. चित्रांत फ्लॅट, लिफ्ट, समुद्र, आइस्क्रीमची गाडी. पोरं चित्रं बघायची आणि मिटायची. आम्हाला वाटायचं यांना आवड नाही.

मग होळीच्या सुट्टीवरून आल्यावर एका पोराने काठी गावच्या होळीचं चित्र काढलं. मोरपिसांचा टोप, कमरेला भोपळे, पायात घुंगरं. मी विचारलं, हा काय करतोय? तो पावरीत सांगत सुटला, थांबेचना. मी ते देवनागरीत जसं ऐकू आलं तसं चित्राखाली लिहिलं. खाली मराठीत दोन ओळी. दुसऱ्या दिवशी सात चित्रं आली. पाठकोऱ्या कागदांची शिवण घालून आठ-आठ पानांची पुस्तकं केली. आता अशी तिसाच्या वर आहेत. आजीची गोष्ट, महू (मोहाची फुलं) वेचायला गेलो ती गोष्ट, बिबट्याने बकरी नेली ती गोष्ट, वसतिगृहातल्या भाताची गोष्ट (ही जरा टीकात्मक आहे).

दाखल नोंदवहीत यातलं एकही चढवलेलं नाही. किंमत किती लिहू? प्रकाशक कोण? पण सगळ्यात जास्त फाटलेली पुस्तकं हीच आहेत. आणि खरी गंमत पुढे झाली. स्वतःची बोली कागदावर वाचता आल्यावर पोरांनी तीच जुनी फ्लॅट-लिफ्टवाली पुस्तकं परत उघडली. एकाने मला विचारलं, "सर, लिफ्टमध्ये बकरी चढेल का?" 

भरीत_पार्टी

लिफ्टमध्ये बकरी. याच्यावर पुस्तक झालंच पाहिजे.

आम्हना गावमां बी पोऱ्ये घरमां अहिराणी बोलतस, शाळामां गप बसतस. लहानपणी बाईंनी "नीट बोल" म्हणून हातावर पट्टी मारली होती, त्यानंतर मी वर्गात दोन वर्षं बोललो नाही. वरची चेष्टा चेष्टा म्हणून घ्या, पण शाळेत असताना मी वाचलं नाही त्याचं कारण हेही आहे.

निवृत्त_हेडसर

सातपुडा_पायवाट, तुम्ही करताय ते आपल्या मातीला नवीन नाही. साने गुरुजी १९२४ ते १९३० अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात होते. वसतिगृहाची जबाबदारी होती तेव्हा मुलांसाठी हाताने लिहून 'छात्रालय' दैनिक काढत, पुढे १९२८ ला 'विद्यार्थी' मासिक सुरू केलं. दैनिक! रोज! आम्ही वार्षिक अंक काढताना दमतो.

भरीत_पार्टी, त्या पट्टीबद्दल एका मास्तरकडून माफी. मीही मारल्या असतील.

वायरमन_जळगाव

आता माझी बोलती बंद होत चालली. पण पैशाचं कोणी बोलत नाही. पुस्तकं घ्यायला पैसा कुठून आणणार?

सातपुडा_पायवाट

सरकारी शाळांना समग्र शिक्षा योजनेमधून ग्रंथालय अनुदानाची तरतूद आहे. प्राथमिकला ५,००० रुपये, शाळा जितकी वरच्या इयत्तांची तशी २०,००० पर्यंत. अडचण रकमेपेक्षा निवडीची आहे. पुस्तकं कोणती घ्यायची हे पोरांना कोण विचारतं?

अर्धवेळ_ग्रंथपाल

आणि आम्ही अनुदानित असल्याने त्यात बसत नाही. आमच्याकडे विद्यार्थ्यांची वाचनालय फी आणि कोणाच्या तरी वडिलांच्या स्मरणार्थ आलेली पोथ्यांची गाठोडी.

असो. पान लिहून झालं. गोल गोल काही लिहिलं नाही. तीनच गोष्टी मागितल्या: एक कपाट महिनाभर बिनकुलपाचं ठेवायची परवानगी, त्या महिन्यात पुस्तकं हरवली तर माझ्याकडून वसुली नाही असं मुख्याध्यापकांच्या सहीचं पत्र, आणि प्रत्येक वर्गाला आठवड्याला एक तासिका, ज्यात मी ऑफ तासाला जाणार नाही. पॅनल कुठे लावायचा हे महिन्यानंतर ठरवा, म्हटलं.

कार्डकॅटलॉग

उत्तम. एक सल्ला: त्या कपाटाला दशांश वर्गीकरण लावू नका. ८९१.४६ म्हणजे मराठी साहित्य हे मला पाठ आहे, सहावीतल्या पोराला कशाला? रंगीत चिकटपट्ट्या लावा. गोष्टी लाल, प्राणी हिरवा, यंत्रं निळा, असं काहीतरी. आणि पुस्तकं कण्याने नाही, तोंडाने, म्हणजे मुखपृष्ठ समोर ठेवून मांडा. थोडी मावतील, पण दिसतील. देवघेवीची वही मुलांकडेच द्या.

केळीबाग

पत्र मिळालं की इथे कळवा. मी आमच्या शाळेत पालक सभेत तेच मागणार आहे.

अर्धवेळ_ग्रंथपाल

(पोळा झाल्यावर)

उशीर झाला, माफ करा. हिशेब देतो.

पत्र मिळालं. कमिटीतल्या एकांनी "सर, सगळी पुस्तकं जातील" म्हणून बजावलं. आम्ही कपाटाचं दारच काढून ठेवलं, कारण दार असलं की कोणी ना कोणी लावतंच. २१२ पुस्तकं तोंडाने मांडली. आठवीच्या दोन मुली आणि एक मुलगा वही सांभाळतात. पहिल्या आठवड्यात पोरं नुसती येऊन उभी राहायची, हात लावत नव्हती. "सर, घेऊ का?" प्रत्येक पुस्तकामागे एकदा. काचेची सवय.

महिन्यात वहीत ६४० नोंदी झाल्या. मागच्या अख्ख्या वर्षात, पुस्तकपेढी सोडून, एवढ्या नव्हत्या. नोंद न करता नेलेली वेगळी. खोटं कशाला बोलू, यातल्या बऱ्याच नोंदी चित्रं बघून तासाभरात परत केलेल्या आहेत. सातवी ब ने तर कोण जास्त पुस्तकं नेतो याची शर्यत लावली होती, ती बंद करावी लागली.

बाईंचा प्रयोग नववीला केला. माझ्याकडे तो तितका रंगला नाही. मी मध्ये मध्ये उत्तरं सांगत बसलो, सवय जात नाही. पुढच्या खेपेला तोंडावर बोट.

गहाळ: नऊ. त्यातली चार परत आली. एक दप्तरात, एक पिठाच्या गिरणीवर सापडलं, दोन कपाटाच्या मागे. एक जास्तीचंही आलं, त्यावर गावातल्या सार्वजनिक वाचनालयाचा शिक्का आहे. म्हणजे निव्वळ पाच गेली. कार्डकॅटलॉगताईंच्या नियमाने ६४० ला तीन चालतात, त्यामुळे आपण नियमात बसत नाही. मुख्याध्यापकांना तसंच सांगितलं. ते म्हणाले, वर्षाचा हिशेब वर्षाने करू.

पॅनल तूर्त प्रयोगशाळेत लावलाय. खोली दिवाळीपर्यंत आपली. पुढचं कोणालाच माहीत नाही.

निवृत्त_हेडसर

गेलेली पाच कोणती?

अर्धवेळ_ग्रंथपाल

हेडसर, हे विचारलंत ते बरं केलंत. मी यादी बघितली आणि बघतच राहिलो. विषारी-बिनविषारी सापांचं एक. मोटार रिवायंडिंगचं एक, ते १९९० च्या आसपासचं, बांधणी सुटलेलं, मी निर्लेखनाच्या (रद्द करायच्या) गठ्ठ्यात टाकणार होतो. रांगोळीचं एक. कुस्तीच्या डावांचं एक. आणि भुतांच्या गोष्टींचं एक. मागच्या तीन खरेद्यांमध्ये मी यातल्या एकाही विषयाचं पुस्तक घेतलं नव्हतं. थोर पुरुषांची चरित्रं घेतली होती, ती सगळी जागेवर आहेत.

सापाच्या पुस्तकाच्या तीन प्रती मागवल्यात. बाकीची वाचनालय फीत बसतात का बघतो. रिवायंडिंगचं मराठीत काही मिळेना.

वायरमन_जळगाव

माझ्याकडे दोन आहेत भो. आयटीआयला असताना घेतलेली, एकाला तेलाचे डाग आहेत. पत्ता खाजगीत टाका, रविवारी अमळनेरला काम आहे, घेऊन येतो. नोंदवहीत चढवू नका.